शॉकअप कडक घ्यावेत का? आराम आणि वळणातली पकड यांचा हिशेब

प्रश्न असा आहे. पाच माणसांची साधी सेदान, ७० हजार किलोमीटर झालेली. स्पीडब्रेकर ओलांडला की मागची बाजू दोन-तीन वेळा वरखाली होते. महामार्गावरच्या लांब उंचसखल भागात गाडी तरंगल्यासारखी वाटते आणि वळणात पूर्वीसारखा भरवसा वाटत नाही. मेकॅनिक म्हणतो, कडक शॉकअप टाका, गाडी वळणात झुकणारच नाही. घरात पाठदुखीचा त्रास असलेली वडीलधारी माणसं आहेत, त्यामुळे आराम घालवून चालणार नाही. मग मूळचे घ्यायचे की कडक? आणि स्प्रिंगही बदलायच्या का?

मी २५ वर्षं सस्पेन्शनचंच काम करतो. आधी निर्णय सांगतो: मूळच्या मापाचे, चांगल्या बनावटीचे चार नवे शॉकअप घाला. स्प्रिंग तुटलेली किंवा बसलेली नसेल तर तिला हात लावू नका. आता कारणं. ती जरा सविस्तर सांगतो, कारण 'कडक की मऊ' या शब्दांतच सगळा घोळ आहे.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. आतल्या गॅसचा थोडा दाब वर ढकलतो तेवढाच, तो हिशेबात धरण्याइतका नसतो. स्प्रिंग किती दबली यावर तिचा जोर ठरतो. शॉकअपचा जोर ठरतो तो त्याच्या तेल भरलेल्या नळीतला पिस्टन किती वेगाने सरकतोय यावर. शॉकअपला अंतर कळत नाही, वेग कळतो. गाडी उभी असेल, किंवा वळणात एका बाजूला झुकून तशीच स्थिर राहिली असेल, तर पिस्टन हलत नाही आणि शॉकअपचा जोर शून्य असतो.

यातच मेकॅनिकच्या वाक्याचं उत्तर आहे. एखाद्या लांब, एकसारख्या वळणात गाडी शेवटी किती झुकेल हे स्प्रिंग, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, झुकणं अडवणारी पोलादी दांडी), गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर या गोष्टी ठरवतात. शॉकअप कितीही कडक घातला तरी तो कोन तेवढाच राहतो. तिथपर्यंत गाडी किती झपकन पोचते, एवढंच शॉकअपच्या हातात आहे. तरीही कडक शॉकअप घातलेले लोक मनापासून सांगतात की गाडी कमी झुकते, आणि ते खोटं बोलत नसतात. डावी-उजवी अशी पाठोपाठ वळणं आली की झुकणं पूर्ण होण्याआधीच दिशा बदलते, त्यामुळे तिथे खरंच कमी झुकाव जाणवतो. लांब वळणात मात्र फरक पडत नाही. कमी झुकायची गाडी हवी असेल तर तो अँटी-रोल बारचा विषय आहे, शॉकअपचा नाही.

थोडे आकडे घेऊ. एका चाकावर गाडीचा ३०० किलो भार आहे आणि चाकापाशी मोजली तर स्प्रिंग दर मिलिमीटरला २० न्यूटन जोर देते, असं धरा. ही जोडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा डोलते. बहुतेक प्रवासी गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या झोक्यांच्या) आसपासच डोलतात. आता डॅम्पिंगचं, म्हणजे शॉकअप झोके किती लवकर विझवतो त्याचं माप. जेवढ्या डॅम्पिंगला दबलेली गाडी एकही झोका न खाता जागेवर येते, त्याला १ म्हणायचं. आरामाला झुकतं माप देणाऱ्या गाड्यांमध्ये हे प्रमाण साधारण ०.२ ते ०.३ असतं. ०.३ असेल तर एका पूर्ण झोक्यानंतर मूळ हालचालीपैकी १४ टक्के उरते, म्हणजे गाडी एकदा उसळून जवळजवळ थांबते. शॉकअप थकून तेच प्रमाण ०.१५ वर आलं तर ३९ टक्के उरते. ०.१ वर आलं तर निम्म्याहून जास्त, ५३ टक्के. तुमची मागची बाजू दोन-तीन वेळा वरखाली होते म्हणजे ती या शेवटच्या आकड्यांच्या जवळ पोचली आहे.

मग प्रश्न येतो, डॅम्पिंग १ च का ठेवत नाहीत? इथेच तुमच्या घरातल्या पाठींचा संबंध येतो. डोलण्याच्या त्या १.३ हर्ट्झच्या आसपास जास्त डॅम्पिंग चांगलंच. पण त्या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या पुढे, म्हणजे इथे १.८ हर्ट्झच्या वर, चित्र उलटतं. तिथे डॅम्पिंग जितकं जास्त, तितके रस्त्याचे धक्के जास्त प्रमाणात बॉडीपर्यंत पोचतात, कारण त्या वेगवान हालचालींसाठी शॉकअप म्हणजे चाक आणि बॉडी यांच्यामधली एक काठीच होते. आणि बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना सगळ्यात हळवं असतं. तरंगणं पूर्ण घालवायला डॅम्पिंग वाढवत गेलात तर नेमकी पाठीला लागणारी कंपनं वाढतात.

एवढंच असतं तर हा सरळ सौदा झाला असता: इकडे आराम, तिकडे ताबा, मधे कुठेतरी थांबा. सुदैवाने तसं नाही. एकच शॉकअप वेगवेगळ्या वेगाला वेगवेगळा वागू शकतो, आणि ही गोष्ट कळली की विचार करायची दिशाच बदलते.

गाडी वळणात झुकते, ब्रेकला नाक खाली घालते किंवा लांब लाटेवर डोलते तेव्हा पिस्टनचा वेग कमी असतो. १.२ हर्ट्झने २० मिलिमीटर वरखाली होणाऱ्या बॉडीचा सर्वाधिक वेग सेकंदाला ०.१५ मीटर येतो. उलट चाक स्वतःच्या लयीत थरथरतं ते १० ते १५ हर्ट्झला. १२ हर्ट्झने नुसतं ५ मिलिमीटर हललं तरी वेग जवळजवळ ०.३८ मीटर होतो. धारदार कडेच्या खड्ड्यात तो १ मीटरच्याही पुढे जातो. म्हणून हव्या असतात दोन गोष्टी: कमी वेगाला भरपूर जोर, म्हणजे बॉडी ताब्यात राहील, आणि जास्त वेगाला जोर तितक्या प्रमाणात न वाढणं, म्हणजे खड्डा अंगावर येणार नाही.

हे साधतं पिस्टनवरच्या व्हॉल्व्हमुळे. पिस्टनला एक बारीक वाट कायम उघडी असते. अगदी हळू हालचालीत तेल तिथून जातं. वेग वाढला की त्या वाटेतला अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तेवढ्यात पिस्टनच्या मोठ्या भोकांवर बसवलेल्या पातळ पोलादी चकत्या वाकतात आणि तेलाला जास्त जागा देतात. चकत्यांची जाडी, संख्या आणि व्यास बदलून कोणत्या वेगाला किती जोर, या वक्राचा आकार ठरवता येतो. दशांश मिलिमीटरच्या फरकाने गाडीचा स्वभाव बदललेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि या कामाची गोडी मला त्यामुळेच लागली. म्हणून कुणी 'हा शॉकअप कडक आहे' म्हणालं की मी विचारतो, कोणत्या वेगाला? आणि दाबताना की ताणताना?

हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. दबताना कॉम्प्रेशन, ताणताना रिबाउंड. प्रवासी गाड्यांमध्ये रिबाउंडचा जोर बहुधा कॉम्प्रेशनच्या दुप्पट ते तिप्पट ठेवतात. उंचवट्यावर चाक वर येतं तेव्हा शॉकअपचा जोर स्प्रिंगच्या जोरात मिळून बॉडीला वर ढकलतो, म्हणून तिथे हात आखडता घ्यायचा. नंतर दबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत द्यायला लागते आणि बॉडीला वर उडवू बघते. तेव्हा तिला धरून ठेवायला रिबाउंड लागतो. स्पीडब्रेकरनंतर तुमची गाडी उसळते त्यात मोठा वाटा या रिबाउंडच्या कमतरतेचा आहे.

पण रिबाउंड अति झाला तर काय होतं तेही सांगतो. एकदा माझ्याकडे ॲडजस्टेबल शॉकअप बसवलेली गाडी आली. तक्रार अशी की साध्या खडबडीत रस्त्यावरही ती दगडासारखी आपटते. मालकाने आधीच मऊ टायर घेऊन पाहिले होते. तपासलं तर शॉकअपचा नॉब पूर्ण आवळलेला होता, आणि त्या बनावटीत नॉब मुख्यतः रिबाउंड वाढवतो. छोटे छोटे उंचवटे पाठोपाठ आले की चाक वर सहज जात होतं पण खाली यायला वेळच मिळत नव्हता. प्रत्येक उंचवट्याला गाडी थोडी थोडी खाली ओढली जात होती, शेवटी बंप स्टॉपरवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, टेकून चालत होती. मालकाला जे कडक वाटत होतं ते रबराचे दणके होते. नॉब अर्ध्यापेक्षा खाली आणला आणि तक्रार मिटली. म्हणून ॲडजस्टेबल संच घेणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की सगळ्यात मऊ खुणेपासून सुरुवात करा, एकावेळी एकाच ॲक्सलवर बदल करा आणि दरवेळी त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवून बघा.

आता ताबा. बहुतेक जण ताबा म्हणजे स्टीअरिंगला झटकन प्रतिसाद असं समजतात. माझ्या मते त्याआधीची गोष्ट म्हणजे टायर रस्त्याला किती सारख्या दाबाने चिकटून आहे. टायर हीसुद्धा एक स्प्रिंग आहे, गाडीच्या स्प्रिंगच्या साधारण दहापट कडक, आणि तिच्यात स्वतःचं डॅम्पिंग जवळजवळ नाही. चाक, हब, ब्रेक यांचं वजन त्या टायरवर थरथरत राहतं आणि ते थांबवायला शॉकअपशिवाय दुसरं काही नाही. टायरवरचा भार एका क्षणी दुप्पट आणि पुढच्या क्षणी शून्याजवळ असा हलत राहिला तर सरासरी भार तोच असूनही पकड कमी मिळते, कारण भार वाढतो तशी पकड त्याच प्रमाणात वाढत नाही. खडबडीत रस्त्यावर ब्रेक लावताना थकलेल्या शॉकअपची गाडी थांबायला जास्त अंतर घेते ते यामुळेच. एबीएस असला तरी हवेत उडणाऱ्या चाकाला तो काय करणार? ओल्या रस्त्यावर तर हे आणखी जाणवतं. तुम्ही आरामाबद्दल विचारलंत, पण मला जास्त काळजी या ब्रेकिंगची वाटते.

वळणात शिरतानाचा एक-दीड सेकंद मात्र पूर्णपणे शॉकअपच्या राज्यातला असतो. स्टीअरिंग फिरवलं की बॉडी झुकू लागते आणि झुकत असेपर्यंत शॉकअप काम करतात. त्या वेळात पुढचे शॉकअप मागच्यांपेक्षा जास्त जोर धरत असतील तर भाराची अदलाबदल पुढच्या चाकांमध्ये जास्त होते आणि पुढची पकड आधी कमी पडते, गाडी वळणाबाहेर सरकू बघते. मागचे जास्त कडक असतील तर मागची बाजू सैल वाटते. सवय नसलेल्या चालकासाठी हे दुसरं जास्त धोक्याचं, म्हणूनच फक्त मागचे शॉकअप कडक घालायला मी ठाम नकार देतो. चारही चाकांवर एकाच स्वभावाचे हवेत. पैसे कमी असले तर आधी एका ॲक्सलची जोडी करा, पण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असं कधीच नको.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती मागच्या बाजूच्या डोलण्याशी जोडलेली आहे. चांगल्या गाड्यांमध्ये मागच्या सस्पेन्शनची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवतात. हा विचार मोटार अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात मांडून रुजवला. ताशी ५० किलोमीटरने जाताना, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.६ मीटर असेल तर मागचं चाक त्याच उंचवट्यावर सुमारे ०.१९ सेकंद उशिरा येतं. मागची लय जलद असली की ती पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही टोकं एकत्र वरखाली होतात. सपाट वरखाली होणं माणूस सहन करतो. नाक वर शेपूट खाली, मग उलटं, असं झुलणं मान आणि पोट या दोघांनाही सहन होत नाही. मागचे शॉकअप थकले की मागची बाजू पुढची थांबल्यावरही चालूच राहते आणि नेमकं हेच झुलणं सुरू होतं. घरच्यांना मागच्या सीटवर मळमळतं का, ते विचारून बघा.

स्प्रिंगबद्दल विचारलंत. कडक आणि बुटक्या स्प्रिंग मूळच्या शॉकअपबरोबर घालणं ही मला सगळ्यात वाईट जोडी वाटते. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर तेवढाच ताबा राखायला डॅम्पिंग १४ टक्के वाढवावं लागतं. ते नाही वाढवलं तर गाडी जास्त कडकही लागते आणि जास्त उसळतेही. शिवाय गाडी खाली आल्यामुळे दबायला उरलेली जागा कमी होते आणि बंप स्टॉपर लवकर लागतो. भार वाढला की असंच काहीसं होतं. मागच्या एका चाकावरचा भार ३०० वरून ४०० किलोवर गेला की त्याच शॉकअपचं डॅम्पिंगचं प्रमाण १३ टक्क्यांनी खाली येतं. गाडी भरून प्रवास करणाऱ्यांना शॉकअपचं दुखणं आधी कळतं ते यामुळे.

बनावटीबद्दल थोडंच. दुहेरी नळीचे शॉकअप तुमच्या वापराला पुरेसे आहेत, फक्त कमी दाबाचा नायट्रोजन भरलेले घ्या. सतत खडबडीत रस्त्यावर तेलात फेस झाला तर शॉकअप तात्पुरता ढिला पडतो, आणि गॅसचा दाब तो फेस रोखतो. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये गॅस वेगळ्या सरकत्या पिस्टनमागे, बराच जास्त दाबाने असतो. तो उष्णताही चांगली बाहेर टाकतो, पण सीलचं घर्षण थोडं वाढतं. आणि घर्षण हा आरामाचा शत्रू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ट्रुफो यांची जी रचना अमेरिकेत हार्टफर्ड यांनी बनवली, तीत एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या होत्या. त्या हालचाल सुरू होताना सगळ्यात जास्त अडवत आणि वेग वाढला तरी जोर वाढत नसे, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. आजही वाकलेला रॉड (पिस्टनचा दांडा) किंवा जाम झालेला माउंट (शॉकअप बॉडीला जोडणारा भाग) गाडीला तसाच स्वभाव देतो: छोट्या खड्ड्यांना कडक, मोठ्या लाटेला सैल.

शॉकअप गेलाय हे ओळखायचं कसं? हाताने बॉनेट दाबून बघायची पद्धत पूर्ण मेलेला शॉकअप तेवढा दाखवते, अर्धा थकलेला नाही, कारण त्यात हालचाल हळू असते आणि बुशांचं (सांध्यांतल्या रबरी नळ्यांचं) घर्षणही मदतीला येतं. रॉडजवळ हलकासा ओलसरपणा चालतो. तेल नळीवरून ओघळत असेल तर तो गेला. टायरवरून तळहात फिरवा. ठरावीक अंतराने उंच-खोल खळगे लागले तर चाक उड्या मारतंय, मात्र बॅलन्सिंग आणि बेअरिंगही तपासा. जवळपास थरथरणाऱ्या पाट्यांचं टेस्टिंग मशीन असेल तर उत्तम: ते चाकाला सुमारे २५ हर्ट्झपासून खाली आणत हलवतं आणि चाकाखालचा दाब कमीत कमी किती उरतो ते मोजतं. त्याआधी टायरची हवा बरोबर भरा, नाहीतर आकडा फसवतो. आणि शॉकअप हळूहळू थकतो, त्यामुळे रोज चालवणाऱ्याला सवय होते. बरेच दिवसांनी गाडीत बसलेला माणूस काय म्हणतो ते जास्त ऐका.

बसवताना चार गोष्टींवर मेकॅनिकजवळ उभे राहा. दुहेरी नळीचा शॉकअप उभा धरून बसवण्याआधी चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ताणून आतली हवा वर काढायची. रॉडला पकड किंवा पाना लावायचा नाही. एक ओरखडा सील फाडतो. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असतील तर वरचं माउंट, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धूळ रोखणारं रबर नवंच घाला, आणि स्प्रिंग फक्त योग्य कॉम्प्रेसर लावूनच सोडवू द्या, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते: रबरी बुशांचे बोल्ट चाक लटकत असताना शेवटचे आवळायचे नसतात. गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने बसलेली असताना आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, नव्या शॉकअपवरही गाडी कडक लागते आणि बुश लवकर फाटतात. 'नवे शॉकअप टाकले आणि आराम गेला' अशी तक्रार घेऊन आलेल्या निम्म्याअधिक गाड्यांमध्ये मला हेच सापडलं.

नंतर अलाइनमेंट करून घ्या आणि टायरमध्ये दाराच्या पट्टीवर लिहिलेलीच हवा भरा. पहिले काही दिवस गाडी आधीपेक्षा थोडी घट्ट वाटेल. सील नवे असतात आणि तुमचं अंगही ढिल्या गाडीला सरावलेलं असतं. काही शे किलोमीटरनंतर त्याच स्पीडब्रेकरवरून त्याच वेगाने जा. मागची बाजू एकदा वर येऊन बसली तर काम झालं. तरीही दुसरा झोका आला, तर शॉकअपच्या टोकांचे बुश आणि मागच्या बीमचे (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) मुख्य बुश तपासून घ्या. तिथे खेळ असेल तर पिस्टन हलायच्या आधीच रबर हलतं आणि शॉकअपपर्यंत हालचाल पोचतच नाही.